रिद्धपूर कुणाच्या वाट्याला?

आमच्या धंद्यात एक वाक्य फार स्वस्त झालंय. "एका मशीनवर भागत नाही? मग अजून चार लाव." क्लाउड आल्यापासून तर चार काय, चारशे लावायलाही कुणाची हरकत नसते. बिल महिन्याच्या शेवटी येतं, आणि बहुतेक वेळा ते दुसऱ्याच डिपार्टमेंटकडे जातं. :)

हे वाक्य कधी खरं ठरतं आणि कधी नाही, हे समजून घ्यायला ट्रॅफिकच्या सिम्युलेशनसारखं उदाहरण नाही. एक तर ट्रॅफिक सगळ्यांना कळतं. रोज दीड-दोन तास त्यात बसून आपण त्याचा अभ्यासच करत असतो. दुसरं म्हणजे या गोष्टीचा इतिहास फिरून फिरून पुण्यात येतो आणि तिथून थोडा आमच्या वऱ्हाडातही जातो. तेव्हा मंडळी, या शनिवारी तेच.

आधी सिम्युलेशन म्हणजे काय ते बघू. थोडक्यात, संगणकात मांडलेली भातुकली. रस्ते खोटे, गाड्या खोट्या, पण वागण्याचे नियम शक्य तितके खरे. 1992 साली काय नागेल आणि मिखाएल श्रेकेनबर्ग या दोन जर्मन संशोधकांनी हे नियम इतके सोपे करून टाकले की पोस्टकार्डावर मावतील. रस्त्याचे साडेसात मीटरचे खण पाडायचे. एका खणात एक गाडी, नाहीतर रिकामी जागा. मग दर सेकंदाला प्रत्येक गाडीने चार गोष्टी करायच्या: जमत असेल तर वेग एकाने वाढवायचा, पुढे जितके खण मोकळे, त्याहून जास्त वेग ठेवायचा नाही, मधूनच, फासे पडतील तसा, वेग उगाच एकाने कमी करायचा, आणि मग तितके खण पुढे सरकायचं. कमाल वेग सेकंदाला पाच खण, म्हणजे ताशी 135 किलोमीटर.

गंमत तिसऱ्या नियमात आहे. उगाच वेग कमी करायचा म्हणजे काय? तर कुणी मोबाईलकडे बघतो, कुणी खड्डा चुकवतो, कुणाला डुलकी येते. एवढा एक नियम घातला की अपघात नाही, सिग्नल नाही, तरी जॅम आपोआप उगवतो आणि गाड्यांच्या उलट्या दिशेने मागे सरकत जातो. एक्सप्रेसवेवर अर्धा तास अडकून पुढे गेल्यावर "अरे, इथे तर काहीच नव्हतं!" असं आपण म्हणतो ना, तोच हा जॅम.

नियम सोपे आहेत, मग अडचण कसली? अडचण आकड्यांची. समजा एका मोठ्या भागात रस्त्यावर सतत पाच लाख गाड्या आहेत. दिवसाचे सेकंद 86,400. म्हणजे एका दिवसासाठी 4,320 कोटी वेळा ते चार नियम चालवायचे. आणि एक दिवस चालवून भागत नाही. आज जॅममध्ये अडकलेला माणूस उद्या दुसरा रस्ता धरतो, मग त्या दुसऱ्या रस्त्यावर जॅम होतो. सगळ्यांचे रस्ते स्थिरावेपर्यंत तोच दिवस पन्नास वेळा चालवावा लागतो. त्यात "इथे उड्डाणपूल केला तर?", "हा चौक एकमार्गी केला तर?" असे पाच पर्याय तपासायचे असले तर आणखी पाचपट. एकटं मशीन यात गुदमरतं. म्हणून वाटणी आली.

वाटणी कशी करायची, हे बघायला अमरावती जिल्ह्याचा नकाशा घेऊ. अमरावती शहर पहिल्या मशीनला. अचलपूर, परतवाडा, चांदूर बाजार दुसऱ्याला. मोर्शी-वरूडचा संत्र्यांचा पट्टा तिसऱ्याला. आणि या तिघांच्या मधे आहे रिद्धपूर. ते कुणाला द्यायचं? तालुका विचाराल तर मोर्शी, म्हणजे तिसऱ्याला. पण मशीनला तालुक्याशी काय घेणंदेणं? त्याला दोनच गोष्टी कळतात: प्रत्येकाच्या वाट्याला काम सारखं यावं, आणि रेघ मारताना कमीत कमी रस्ते कापले जावेत.

म्हणून पहिला नियम: रेघ राजकमल चौकातून मारायची नाही. अमरावतीच्या त्या चौकात चहूबाजूंनी येणारा प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकाकडे बघत, हॉर्न वाजवत, अंदाज घेत पुढे जातो. तिथे रेघ मारली तर दोन मशीन्सना त्या प्रत्येक नजरानजरेसाठी एकमेकांशी बोलावं लागेल. त्यापेक्षा दोन गावांमधल्या मोकळ्या रस्त्यावर, मधोमध, रेघ मारावी. तिथे एक गाडी दुसरीच्या मागे असते, बस्स.

तरी बोलणं चुकत नाही. अमरावतीहून रिद्धपूरकडे निघालेली एसटी रेघेपाशी आली. तिच्या पुढे ट्रॅक्टर आहे, पण तो रेघेच्या पलीकडे, म्हणजे दुसऱ्या मशीनच्या मेमरीत. ड्रायव्हरला तो दिसलाच नाही तर एसटी सरळ ट्रॅक्टरच्या पोटात घुसेल. म्हणून प्रत्येक मशीन आपल्या हद्दीपलीकडच्या थोड्या रस्त्याची नक्कल स्वतःकडे ठेवतं आणि शेजारी दर सेकंदाला ती ताजी करून पाठवतो. वर सांगितलेल्या नियमांत गाडी सेकंदाला जास्तीत जास्त पाच खण जाते, म्हणून पाच खणांची, 37.5 मीटरची नक्कल पुरते. गाडी रेघ ओलांडून गेली की तिचा सगळा कारभार (कुठून निघाली, कुठे चालली, वेग किती) शेजाऱ्याच्या स्वाधीन करायचा. आपल्याकडून पुसायची, त्याच्याकडे लिहायची. मधल्या मधे गाडी हरवता कामा नये आणि दोनदा मोजली जाता कामा नये.

आता मूळ वाक्याकडे येऊ. चार मशीन लावली तर काम चौपट लवकर होईल का? या प्रश्नाचं पहिलं कडू उत्तर 1967 साली आयबीएमच्या जीन अॅमडालने दिलं. कामाचा जो भाग वाटताच येत नाही, तो शेवटी सगळ्यांना अडवतो. शंभर भागांपैकी पाच भाग एकट्यानेच करायचे असतील, तर 16 मशीन्सवर वेग साधारण 9 पट होतो, 64 मशीन्सवर साडेपंधरा पटीच्या आतच राहतो, आणि जगातली सगळी मशीन्स जोडली तरी 20 पटीच्या पुढे जात नाही. वीस वर्षं हे गणित लोकांच्या मानगुटीवर बसलं होतं. "एकच जबरदस्त प्रोसेसर बनवा, पुष्कळ लहान जोडण्याच्या भानगडीत पडू नका" असं म्हणणाऱ्यांचं ते आवडतं शस्त्र. तो जबरदस्त प्रोसेसर म्हणजे अमेरिकेतल्या क्रे कंपनीचा सुपरकॉम्प्युटर.

आणि इथे गोष्ट भारतात येते. 1980च्या दशकात आपल्याला हवामानाच्या अंदाजासाठी क्रे हवा होता. मागितला एक्स-एमपी/24, बऱ्याच वाटाघाटींनंतर मिळाला त्याहून लहान एक्स-एमपी/14, तोही अटी घालून. अणुबॉम्बची गणितंही अशाच यंत्रावर होतात, ही अमेरिकेची धास्ती. मग मोठा बैल मिळत नसेल तर लहान बैलांची जोडी, चौकडी जुंपायची, हा विचार देशात तीन-चार ठिकाणी सुरू झाला. बंगळूरच्या नॅशनल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत 1986 साली फ्लोसॉल्व्हर तयार झाला. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राने अनुपम केला. आणि मार्च 1988 मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. मुदत तीन वर्षं.

सी-डॅकचे पहिले प्रमुख डॉ. विजय भटकर. जन्म 1946, गाव मुरंबा, तालुका मूर्तिजापूर, जिल्हा अकोला. (वऱ्हाडातल्या वाचकांनी इथे कॉलर ताठ करून घ्यावी.) पुण्यात 1991 साली जो परम 8000 उभा राहिला, त्यात 64 नोड होते आणि प्रत्येक नोडवर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीची ट्रान्सप्युटर ही चिप.

ट्रान्सप्युटर ही चीज समजून घेण्यासारखी आहे. बाकीचे प्रोसेसर तेव्हा एकलकोंडे होते. हिशोब करायचे, पण दुसऱ्याशी बोलायचं म्हटलं की वेगळं कार्ड, वेगळी केबल, वेगळी डोकेदुखी. ट्रान्सप्युटरच्या चिपवरच बाहेर बोलायच्या चार तारा होत्या. चार दिशांना चार शेजारी जोडा, की झाली जाळी तयार. टोनी होअर या संगणकशास्त्रज्ञाने 1978 साली मांडलेली एक कल्पना त्यामागे होती: प्रोग्रॅम म्हणजे एकमेकांना निरोप पाठवणाऱ्या स्वतंत्र प्रक्रिया. हिशोब आणि बोलणं ही दोन्ही कामं सारख्याच मोलाची, हे त्या चिपच्या रचनेतच होतं.

तरीही पाहा काय झालं. परम 8000ची 256 नोडची बांधणी केली तर तिची कागदावरची ताकद सुमारे एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी आकडेमोडी. प्रत्यक्ष कामात हाती लागायची ती 100 ते 200 मेगाफ्लॉप. पाचवा, नाहीतर दहावा हिस्सा. ही परमची बदनामी नव्हे. त्या काळातल्या जगभरच्या समांतर यंत्रांची हीच कथा होती. उरलेली ताकद जायची निरोपांची वाट बघण्यात, कामाच्या असमान वाटणीत आणि वाटता न येणाऱ्या भागात.

याच सुमाराला स्कॉटलंडमध्ये एडिंबरा विद्यापीठातही ट्रान्सप्युटरचं एक मोठं यंत्र होतं. तिथल्या समांतर संगणन केंद्रात 1990च्या दशकाच्या सुरुवातीला समांतर यंत्रांवर चालणारं ट्रॅफिक सिम्युलेशन तयार झालं. नाव पॅरॅमिक्स. नावाचा उलगडा "पॅरलल मायक्रोस्कोपिक सिम्युलेशन". पुण्यातला परम हा शब्दही "पॅरलल मशीन"चं लघुरूप म्हणून सांगितला जातो. म्हणजे "पॅरा" दोघांकडेही सारखाच. एडिंबराच्या लोकांनी पॅरॅमिक्ससाठी कनेक्शन मशीन सीएम-200 हे हजारो बारीक प्रोसेसरचं यंत्र वापरलं. पुण्यात परमवर मुख्यतः हवामान, द्रवांचे प्रवाह, रेणूंची रचना अशी कामं झाली. पण कामाचा सांगाडा तोच. हवामानात वातावरणाचे चौकोन पाडून वाटायचे आणि चौकोनाच्या कडा शेजाऱ्याला पाठवायच्या. ट्रॅफिकमध्ये चौकोनाच्या जागी रस्ते.

फरक एकच, आणि तो मोठा आहे. हवेचे चौकोन एकसारखे असतात, रस्ते नसतात. रिद्धपूरच्या यात्रेच्या दिवसांत तिथे महाराष्ट्रभरातून आणि बाहेरूनही महानुभाव मंडळी येतात. त्या दिवशी रिद्धपूर ज्याच्या वाट्याला, ते मशीन घामाघूम, आणि बाकीची दोन हात चोळत बसलेली. सगळ्यांनी एक सेकंद पूर्ण केल्याशिवाय पुढचा सेकंद सुरू होत नाही. जोडीतला एक बैल रेंगाळला की दुसरा कितीही तगडा असो, गाडा त्या रेंगाळणाऱ्याच्याच चालीने जातो. म्हणून वाटणी एकदा करून चालत नाही, मधून मधून मोडून पुन्हा करावी लागते.

ट्रॅफिक वाटण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत झाला. जिथे अणुबॉम्ब तयार झाला तीच ही जागा. 1990च्या दशकात तिथे ट्रान्सिम्स नावाचा प्रकल्प सुरू झाला आणि वर आलेला काय नागेल तिकडे जाऊन पोचला. त्याने आणि मार्कुस रिकर्टने पोर्टलंड शहराचं सुमारे 20 हजार रस्त्यांचं जाळं साध्या पेंटियम पीसींच्या समूहावर वाटून चालवलं. साधे पीसी इथरनेटने जोडून सुपरकॉम्प्युटर करायची युक्ती नासातल्या थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी 1994 साली 16 पीसी जोडून दाखवली होती. नकाशा कापायला मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज कॅरिपिस आणि विपिन कुमार यांनी केलेलं मेटिस हे सॉफ्टवेअर होतं.

त्या प्रयोगातून जो हिशोब पुढे आला, तो मला फार सुंदर वाटतो. आपण तो गोल आकड्यांत करून बघू. सपाट कागदावर नकाशाचे कितीही तुकडे करा, एका तुकड्याला सरासरी सहापेक्षा कमीच शेजारी असतात. हे ऑयलरच्या अठराव्या शतकातल्या सूत्रातून निघतं. आपण वरची मर्यादा म्हणून सहाच धरू. दर सेकंदाला प्रत्येक शेजाऱ्याला दोनदा निरोप, म्हणजे बारा निरोप. जुन्या इथरनेटवर एका निरोपाला, त्यात मजकूर कितीही थोडा असो, अर्धा मिलिसेकंद धरा. झाले सहा मिलिसेकंद.

आता समजा एका मशीनला खऱ्या एका सेकंदाचं ट्रॅफिक चालवायला बरोबर एक सेकंद लागतो. 16 मशीन्स लावली: हिशोबाला 62.5 मिलिसेकंद, बोलण्याला 6, वेग साडेचौदा पट. छान. 64 लावली: वेग 46 पट. ठीक. 256 लावली: हिशोबाला जेमतेम 4 मिलिसेकंद आणि बोलण्याला तेच 6, वेग 101 पट. 1,024 लावली: 143 पट. आणि अगणित लावली तरी 166 पट, त्यापुढे भिंत. 256 वरून 1,024 वर जाताना पैसे चौपट मोजले आणि वेग दीडपटसुद्धा झाला नाही. बिल कुणाला जातंय? :)

या भिंतीला दोन खिडक्या आहेत. पहिली खिडकी 1988 साली अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या जॉन गस्टाफसनने दाखवली. मशीन्स वाढवली तर तोच नकाशा लवकर संपवायचा हट्ट सोडा, मोठा नकाशा घ्या. अमरावती जिल्ह्याऐवजी अख्खं विदर्भ घ्या, नाहीतर अख्खा महाराष्ट्र. प्रत्येक मशीनच्या वाट्याला पुन्हा भरपूर काम येतं आणि ते सहा मिलिसेकंद त्यात झाकून जातात. म्हणून "स्केल होतं का?" असं कुणी विचारलं तर आधी उलट विचारावं: तेच काम लवकर हवंय, की तेवढ्याच वेळात मोठं काम हवंय? ही दोन वेगळी कामं आहेत.

दुसरी खिडकी म्हणजे निरोप स्वस्त करणं. पुन्हा पुणं! 2007च्या नोव्हेंबरमध्ये टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने पुण्यात उभा केलेला एका हा सुपरकॉम्प्युटर जगाच्या यादीत चौथा आला. त्यातले प्रोसेसर बाजारात मिळणारेच होते. जोर होता तो जोडणीवर, इन्फिनिबँडच्या जाळ्यावर. अशा जाळ्यावर निरोपाला अर्ध्या मिलिसेकंदाऐवजी काही मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे वरची भिंत शंभरेक पट दूर जाते. आज तुम्ही क्लाउडवर साधी मशीन्स भाड्याने घेता तेव्हा प्रोसेसर किती हे पहिल्या ओळीत छापलेलं असतं. निरोपाला किती वेळ लागतो, हे शोधावं लागतं.

वेळेबद्दल आणखी एक युक्ती सांगतो, कारण तीत आपल्याकडचे दोघे आहेत. सगळ्यांनी दर सेकंदाला थांबायलाच हवं का? टेक्सस विद्यापीठात के. मणि चंडी आणि जयदेव मिश्रा या भारतीय वंशाच्या दोघांनी 1979 साली म्हटलं: नको. प्रत्येकाने आपल्या घड्याळाने चालावं, फक्त शेजाऱ्याला आश्वासन द्यावं की "अमुक वेळेपर्यंत माझ्याकडून तुझ्याकडे काही येणार नाही." मधे पाच किलोमीटरचा रस्ता असेल आणि ताशी 60चा वेग असेल, तर आत्ता रस्त्याला लागलेली गाडी पाच मिनिटं तरी पलीकडे पोचत नाही. तेवढी पाच मिनिटं पलीकडच्या मशीनने बिनघोर पुढे जावं. डेव्हिड जेफरसनने 1985 साली याच्या उलट सुचवलं: आश्वासनाची वाटच बघू नका, बेधडक पुढे जा, आणि उशिरा निरोप आलाच तर मागे येऊन पुन्हा करा. दोन्ही चालतात. पण पहिल्याला लांब रस्त्यावरची रेघ लागते, राजकमल चौकातली नाही. म्हणजे पुन्हा प्रश्न रेघ कुठे मारली हाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे सगळं करून उत्तर तेच येतं का?

तिसरा नियम आठवा, फाशांचा. प्रत्येक मशीनकडे फाशांची एकच पिशवी असेल आणि गाड्या रांगेने त्यातून फासे घेत असतील, तर नकाशा वेगळा कापला की रांग बदलते, रांग बदलली की फासे बदलतात, आणि जॅम दुसरीकडेच उगवतो. चार मशीन्सवर "पूल हवा" आणि सोळा मशीन्सवर "पुलाची गरज नाही" असं उत्तर आलं तर? पुलाला कोट्यवधी रुपये लागतात, कुणाचं दुकान जातं, कुणाचं घर. त्या माणसाला "आमच्या मशीन्सची संख्या बदलली" हे कारण सांगता येईल का? उपाय साधा आहे, पण पहिल्या दिवशीच करावा लागतो: फासे मशीनला न देता गाडीला द्यायचे. गाडीचा नंबर आणि सेकंद यावरून फासा ठरला, की ती गाडी कुठल्याही मशीनवर असो, तिचं नशीब तेच. मग एका मशीनवर आणि सोळा मशीन्सवर उत्तर शेवटच्या अंकापर्यंत जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर रेघेवर कुठेतरी गडबड आहे. आणि मुद्दाम फासे बदलून दहा वेळा चालवायचं, म्हणजे उत्तर मुळात किती हलतं तेही कळतं.

मी रिद्धपूर का निवडलं, याचं दुसरं कारण इथे आहे. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी, 1278च्या सुमाराला, म्हाइंभटांनी रिद्धपूरला लीळाचरित्र सिद्ध केलं. मराठीतला अगदी आरंभीचा गद्य ग्रंथ. चक्रधरस्वामी निघून गेले होते. त्यांच्या आठवणी गावोगावच्या वेगवेगळ्या माणसांकडे होत्या, थोड्या याच्याकडे, थोड्या तिच्याकडे. परंपरा सांगते की म्हाइंभट ज्याच्या त्याच्याकडे गेले, विचारलं, लिहून घेतलं आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतलं. पुढे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि शिष्यमंडळींना आठवणींतून ती पुन्हा जुळवावी लागली, त्यातून वेगवेगळे पाठ आले. आता हे बघा: एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत, तर त्यातली एक गुपचूप पुसून टाकण्याऐवजी कुणाचा पाठ कोणता हे नावानिशी नोंदवायची रीत त्या पोथ्यांत दिसते.

म्हाइंभटांना मी पहिला समांतर प्रोग्रॅमर वगैरे म्हणणार नाही. तसल्या अभिमानाची मला धास्तीच वाटते. पण विखुरलेल्या गोष्टी एकत्र करणाऱ्याची जबाबदारी त्यांना पुरती कळली होती, एवढं नक्की. गोळा करायला माणसं वाढवता येतात. जुळवणं, न जुळलेलं ओळखणं आणि ते न लपवणं, यात वेळ जातो आणि तिथेच कामाचा कस लागतो. 2024 साली त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती ही पाठांची नोंद.

शेवटी आपल्या रस्त्यांबद्दल. वर सांगितलेले नियम जर्मनीतल्या लेनचे. आपल्याकडे लेन ही सूचना असते. रिक्षाच्या बाजूने बाईक, बाईकच्या पुढे सायकल, आणि सगळ्यांच्या मधून म्हैस. आयआयटी मुंबईत जर्मनीच्या सुमो या खुल्या सॉफ्टवेअरवर सिमट्राम नावाचं काम झालं, त्यात लेनऐवजी रस्त्याच्या अरुंद पट्ट्या केल्या: बाईक एक-दोन पट्ट्या घेते, ट्रक बऱ्याच. यामुळे मशीनच्या रेघेवरचं कामही वाढतं. "पुढची गाडी" एक नसते, तीन-चार असतात, त्यामुळे शेजाऱ्याला पाठवायची नक्कल लांबीबरोबर रुंदीतही नीट ठेवावी लागते. लेनसाठी लिहिलेला कोड आणून नुसती मशीन्स वाढवली, तर चुकीचं उत्तर लवकर मिळेल, इतकंच.

तेव्हा पुढच्या वेळी मीटिंगमध्ये "अजून चार मशीन लाव" ऐकलंत, तर भांडू नका. चारच प्रश्न विचारा. एका मशीनवर आधी मोजलंय का? रेघ कुठे मारणार? रेघेवरच्या निरोपाला किती वेळ लागतो? आणि एका मशीनचं व सोळा मशीन्सचं उत्तर जुळतं का? पहिल्या प्रश्नावरच निम्म्या वेळा काम संपतं. आजचं एक चांगलं मशीन परम 8000च्या हजारो पट ताकदीचं आहे, आणि अमरावती जिल्हा त्यात आरामात मावतो.

आणि मावला नाहीच, तर रिद्धपूर तिसऱ्या मशीनला द्या. पण पहिल्या आणि दुसऱ्याकडे त्याच्या वेशीपर्यंतच्या रस्त्याची नक्कल ठेवा, दर सेकंदाला ताजी.

असो. लांबलं जरा. पुढच्या शनिवारी भेटूच.